नाकापासून दोन बोटांवर

दुपारची जेवणं उरकली की घरातला कुत्रा फरशीवरची गार जागा शोधतो आणि पाय पसरून झोपतो. आज तो झोपला की त्याच्याजवळ बसा. त्याची कूस दिसेल असं बसा. फोन दुसऱ्या खोलीत राहू द्या. सेकंदकाटा असलेलं घड्याळ तेवढं जवळ घ्या. पुढचं सगळं सावकाश वाचायचं आहे, आणि मधूनमधून वाचणं थांबवून नुसतं पाहायचं आहे.

त्याच्या बरगड्या वर येतात, खाली जातात. वर आणि खाली मिळून एक श्वास. अर्धा मिनिट मोजा, दुप्पट करा. झोपेत पाय झाडत असेल, मिशा थरथरत असतील तर तो स्वप्नात आहे. ते सरू द्या आणि मग मोजा. निरोगी कुत्रा गाढ झोपेत मिनिटाला 30 पेक्षा कमी श्वास घेतो, बरेचदा 15 ते 20. हृदयाचा आजार असलेल्या कुत्र्यांच्या घरी डॉक्टर हा आकडा रोज वहीत लिहायला सांगतात, कारण फुप्फुसांत पाणी साचू लागलं की धाप डोळ्यांना दिसण्याआधीच झोपेतला श्वास वाढू लागतो. पुन्हा पुन्हा मोजूनही तो 30 च्या वरच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं असतं. पण आज आपण आजार शोधायला बसलेलो नाही. त्याचा रोजचा श्वास ओळखीचा करून घ्यायचा आहे, एवढंच.

मोजून झालं की आकडा सोडून द्या आणि आणखी थोडा वेळ बसा. श्वास आत जाताना आधी छाती उचलते की पोट? दोन श्वासांमध्ये किती उसंत आहे? आवाज येतो का? पग, शिह त्झू किंवा फ्रेंच बुलडॉग असेल तर घोरणं ऐकू येईल. आपल्याला ते गोड वाटतं. खरं तर चपट्या तोंडामुळे त्याच्या नाकपुड्या अरुंद झालेल्या असतात आणि टाळूचा मऊ भाग मागे घशात लोंबत असतो. हवा त्या चिंचोळ्या वाटेतून ओढून घ्यावी लागते, त्याचा तो आवाज. एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे धावणारा पग दिसला आणि आपल्याकडे घरोघर पग आले. माणसाला एक चेहरा आवडला, आणि त्याचे कष्ट हा प्राणी जन्मभर श्वासाश्वासाला सोसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

तो जागा झाला की त्याचा वरचा ओठ अंगठ्याने हलकेच उचला. हिरडी पाहा. गुलाबी, ओलसर. बोटाने दाबा, पांढरा ठिपका उमटेल, आणि बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परत येईल. काहींच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. त्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी. अधूनमधून हे केलं की त्यालाही सवय होते. मग वेळ येईल तेव्हा तोंडाजवळ आलेला तुमचा हात त्याला परका वाटणार नाही.

आता हवेकडे लक्ष नेऊ या. या खोलीत तुम्ही दोघं आहात आणि हवा एकच आहे. तिच्यात सुमारे 78 टक्के नायट्रोजन, 21 टक्के ऑक्सिजन, उरलेल्यात आर्गॉन आणि इतर वायू. तुम्ही सोडलेल्या श्वासातही 16 टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन शिल्लक असतो. आत घेतलेल्यातला थोडाच आपण ठेवून घेतो, बाकीचा परत करतो. तुम्ही परत केलेल्यातला काही त्याच्या नाकात जातो, त्याने परत केलेल्यातला तुमच्या. डोळे मिटा आणि काही श्वास एवढीच गोष्ट मनात धरा.

श्वासातून नेमकं काय मिळतं, हे माणसाला कळलं तेही कुत्र्याच्या देहातून. लंडनच्या रॉयल सोसायटीत काम करणाऱ्या रॉबर्ट हूकने 1664 च्या नोव्हेंबरमध्ये एका जिवंत कुत्र्याची छाती उघडली आणि श्वासनळीत भात्याने हवा भरून त्याला तासाहून अधिक वेळ जिवंत ठेवलं. भूल त्या काळी नव्हती. नंतर रॉबर्ट बॉइलला लिहिलेल्या पत्रात हूकने कळवलं, की त्या जिवाच्या यातना पाहिल्यावर असा प्रयोग पुन्हा करायला आपलं मन सहसा तयार होणार नाही. तरीही 1667 च्या ऑक्टोबरमध्ये सोसायटीसमोर तसा प्रयोग पुन्हा झाला. या वेळी भात्यांनी हवेचा अखंड झोत सोडला आणि ती बाहेर पडावी म्हणून फुप्फुसांना बारीक भोकं पाडली. फुप्फुसं फुगून निश्चल राहिली, छातीची ये-जा थांबली, तरी कुत्र्याचं हृदय नीट चालत राहिलं. झोत बंद केला की आचके येऊ लागत. जगायला छातीची हालचाल लागत नाही, ताजी हवा लागते, हे त्या दिवशी दिसलं. त्या हवेतला कोणता अंश जगवतो हे उमगायला आणखी एक शतक गेलं. शेले आणि प्रिस्टले यांनी 1770 च्या दशकात तो वायू वेगळा केला.

आज दवाखान्यात एखाद्या जिवाच्या नाकाशी ऑक्सिजनची नळी धरली जाते, माणसाच्या किंवा कुत्र्याच्या, तेव्हा त्या नळीच्या मागे कुठेतरी लंडनमधलं ते टेबल आहे. तिथून घाईने पुढे जाऊ नका. शेजारी झोपलेल्याच्या पाठीवर हात ठेवा आणि थोडा वेळ तसेच बसा.

आता कठीण भाग. तुमचा कुत्रा धडधाकट आहे, तुमचं मन शांत आहे, म्हणूनच तो आज मनात आणून पाहायचा. धाप लागलेला कुत्रा आडवा होत नाही. थकून डोळे मिटायला लागले तरी बसतो, पुन्हा उठतो. पुढची कोपरं अंगापासून लांब ठेवतो, मान पुढे ताणतो, तोंड उघडं, पोट प्रत्येक श्वासाला आत ओढलं जातं. डोळे मोठे झालेले असतात. जीभ किंवा हिरड्या निळसर दिसल्या तर फार उशीर होतो आहे असं समजा. रक्तातलं ऑक्सिजनविना राहिलेलं हिमोग्लोबिन डेसिलिटरला सुमारे 5 ग्रॅम झाल्याशिवाय निळेपणा डोळ्यांना दिसतच नाही. निळ्या रंगाची वाट पाहत बसायचं नसतं. कोपरं आणि मान त्याच्या कितीतरी आधी सांगतात.

हे चित्र मनात उभं राहिलं की स्वतःकडे वळा. तुमच्या छातीत काय होतं आहे? वाचतानाच हात पुढे गेल्यासारखे वाटतात. त्याला उचलावं, कुशीत घट्ट धरावं, पाणी पाजावं, पाठीवर थोपटावं, मोठ्याने हाका माराव्यात. सगळं मायेपोटी सुचतं, आणि त्यातलं बहुतेक सगळं त्या वेळी त्याला जड जातं. घट्ट धरलं की बरगड्या उघडत नाहीत. धापेत पाणी पाजलं तर ते श्वासनळीत जाऊ शकतं. कुशीवर निजवलं तर खालच्या बाजूचं फुप्फुस दबतं. धडपड केली की स्नायू आणखी ऑक्सिजन खातात. जो मुळातच पुरत नाही तो असा खर्च होतो. घरात रडारड, आरडाओरडा झाला की कुत्रा तो लगेच ओळखतो, अधिक घाबरतो, अधिक धापतो. त्या क्षणी घरातल्या माणसांचं शांत राहणं हा उपचाराचाच भाग आहे, आणि ऑक्सिजनचा सिलिंडर नसलेल्या घरातही तो करता येतो.

म्हणून आधी तुमचा एक श्वास. पूर्ण सोडा. खांदे खाली. मग घरातल्या बाकीच्यांना बाहेर पाठवा, पंखा किंवा एसी लावा, पट्टा सैल करा, गळ्यातलं काढा. तो बसला आहे तसाच बसू द्या. त्याला जी बैठक सोसते ती त्याने आधीच निवडली आहे. ती आपण बदलायची नाही. एकजण डॉक्टरांना फोन करेल, एकजण गाडी काढेल. तुम्ही त्याच्यासमोर नाही, बाजूला बसा.

तुमच्या हातात आता नळी आहे अशी कल्पना करा. सिलिंडरची असेल किंवा कॉन्सन्ट्रेटरची. तिचं टोक त्याच्या नाकाच्या दिशेने न्या आणि दोन बोटं अंतरावर थांबवा. मिनिटाला 2 ते 3 लिटर, कुत्रा मोठा असेल तर जास्त. झोत सरळ डोळ्यांत किंवा नाकपुडीत मारायचा नाही. थोडा तिरका, म्हणजे नाकापुढची हवा समृद्ध होत राहते. अशा नुसत्या धरलेल्या नळीने त्याच्या श्वासातला ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून 25 ते 40 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. आकडा लहान वाटेल. पण काठावर आलेल्या जिवाला तेवढ्यानेही फरक पडतो: कोपरं थोडी आत येतात, डोळे थोडे निवतात.

तो तोंड फिरवेल. नळीची सूं सूं त्याला आवडत नाही, वाऱ्याचा स्पर्श आवडत नाही. तो फिरला तर नळीने मागे मागे जाऊ नका. थांबा. थोडी लांब न्या, पुन्हा सावकाश जवळ आणा. हाताची थरथर त्याच्यापर्यंत पोचते. मनगट गुडघ्यावर टेकवा. बोलायचं असेल तर रोजच्या आवाजात, रोजच्या नावाने. इथे वाचणं थांबवा आणि रिकामा हात खरोखरच तसा धरून पाहा, दोन बोटं अंतरावर, कशालाही न शिवता. थोड्याच वेळात खांदा भरून येतो. द्यायचं, पण धरून ठेवायचं नाही, हे देहाला शिकवायला थोडा सराव लागतो.

मास्कने अधिक ऑक्सिजन मिळतो, 40 ते 60 टक्क्यांपर्यंत. कुत्र्याच्या लांब तोंडावर बसणारे शंकूसारखे मास्क मिळतात. अमेरिकेत आणि इतर काही देशांत अग्निशमन दलं ते गाडीत ठेवतात, धुरातून बाहेर काढलेल्या कुत्र्या-मांजरांसाठी. आपल्याकडेही ते ठेवावेत असं मला मनापासून वाटतं. पण मास्क फक्त सोसवणाऱ्यालाच लावायचा. कडेचं रबर घट्ट बसलं आणि झोत कमी असला तर त्याचाच उच्छ्वास आत साचतो. झटापट झाली तर मास्क काढून पुन्हा नळी धरा. दवाखान्यात एक साधी युक्ती करतात: ऑपरेशननंतर घालतात तो प्लास्टिकचा मोठा कोन त्याच्या मानेत घालायचा, कोनाच्या उघड्या तोंडाचा खालचा तीन चतुर्थांश भाग स्वयंपाकघरातल्या पारदर्शक प्लास्टिकने झाकायचा, वरून जागा उघडी ठेवायची आणि मानेकडून आत नळी सोडायची. वरची जागा विसरली तर आत उष्णता, वाफ आणि कार्बन डायऑक्साइड कोंडतो. हे डॉक्टरांकडून एकदा प्रत्यक्ष पाहून घ्या. नाकात आत नळी सरकवणं मात्र घरच्या माणसाचं काम नाही.

2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत ‘लिटर पर मिनिट’ हे शब्द महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचले. ऑक्सिमीटर, कॉन्सन्ट्रेटर, सिलिंडर, रिफिलिंग. लोक रात्र-रात्र रांगेत उभे होते. त्यातले काही कॉन्सन्ट्रेटर आज माळ्यावर चादरीत गुंडाळून पडले आहेत. खोलीच्या हवेतला नायट्रोजन झिओलाइटच्या खड्यांत अडकवून ते 90 टक्क्यांच्या पुढे ऑक्सिजन देतात. वीज असेल तोवर. इतकी वर्षं पडून राहिलेल्या यंत्रातले खडे दमटपणा शोषून निकामी झालेले असू शकतात, म्हणून वापरण्याआधी तपासून घ्यावं लागतं. तेव्हाचा बोटाला लावायचा ऑक्सिमीटर मात्र केसाळ, काळपट कातडीवर भरवशाचा नाही. त्याच्या आकड्यावर विसंबू नका.

हे लिहिताना एक प्रश्न समोर उभा राहतो, आणि तो टाळावा असं वाटत नाही. ज्या राज्यात माणसं ऑक्सिजनविना तडफडली तिथे कुत्र्याला ऑक्सिजन? ज्याने त्या दिवसांत आपलं माणूस गमावलं त्याने हे विचारलं तर मी वाद घालणार नाही. त्याच्याजवळ बसेन. पण मनाशी एकनाथांची गोष्ट आठवेन. काशीहून कावडीत भरलेलं गंगाजल रामेश्वराला वाहायचं, एवढ्यासाठी सगळी वाट चालून झालेली. आणि उन्हात वाळूवर तडफडणारं गाढव दिसतं. नाथ कावड उतरवतात आणि ते पाणी त्याला पाजतात. सोबतचे हळहळतात. तहान कोणाची, हे त्या माणसाने विचारलं नाही. एका वेळी एकच नळी असेल आणि माणूस आणि कुत्रा दोघेही धापत असतील, तर नळी माणसाकडे जाईल. त्यात मला शंका नाही. पण माळ्यावर धूळ खाणारं यंत्र कुणाच्या तोंडचं हिरावून घेतलेलं नसतं. आणि ज्यांच्या उघड्या छातीवरून हे ज्ञान आपल्या हाती आलं, त्यांच्या वंशाला त्यातलं काही परत जावं, हे मला न्यायाचं वाटतं.

थोडा वेळ हाही विचार तसाच बाजूला ठेवा. पुन्हा श्वासाकडे या. तुमच्या.

ऑक्सिजन काय करू शकत नाही, त्यावरही मन स्थिर करायला हवं; नाहीतर नळी हातात आली की आपण घरीच बसून राहू. गोचीड ताप आपल्याकडे गावोगाव आहे. त्यात रक्तपेशी फुटतात, हिरड्या पांढऱ्याफटक पडतात, कुत्रा धापतो. कुत्र्याच्या रक्तात डेसिलिटरला साधारण 12 ते 18 ग्रॅम हिमोग्लोबिन असतं आणि जवळजवळ सगळा ऑक्सिजन त्याच्यावरच बसून जातो. फलाटावर माल कितीही आणून टाकला तरी गाड्याच नसतील तर तो पुढच्या गावी पोचणार कसा? अशा कुत्र्याला रक्त लागतं. आणि त्याच्याकडे हिमोग्लोबिनच इतकं कमी असतं, की मरणाच्या दारात उभा असूनही तो निळा पडत नाही.

शेतावरच्या राखणदार कुत्र्याला रात्री मण्यार किंवा नाग चावला, तर विषाने श्वासाचे स्नायूच लुळे पडू लागतात. हवा कितीही चांगली असली तरी ती आत ओढायला कुणी नसतं. त्याला प्रतिविष आणि कृत्रिम श्वास हवा. गाडीची धडक बसलेल्या कुत्र्याच्या छातीत, फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असू शकते. ती सुईने काढावी लागते. घशात हाडूक अडकलं असेल तर आधी वाट मोकळी व्हायला हवी. फवारणीचं औषध पोटात गेलेल्याच्या फुप्फुसांत स्राव भरतो, त्याला अ‍ॅट्रोपिन लागतं. आणि ताप वाटला म्हणून माणसाची पॅरासिटामॉल कुत्र्याला देऊ नका. मोठ्या मात्रेत ती यकृत जाळते आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकदही काढून घेते. हिरड्या तपकिरी दिसू लागतात.

आग लागलेल्या खोलीतून बाहेर काढलेला कुत्रा फसवा दिसतो. हिरड्या लालचुटूक, जणू तब्येत ठणठणीत. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो आणि रंग मात्र लाल ठेवतो, ऑक्सिमीटरही फसतो. इथे ऑक्सिजन खरोखर औषध आहे: जितका जास्त, जितका लवकर, तितका तो विषारी वायू लवकर सुटतो. अशा कुत्र्याला लाल रंग पाहून घरी ठेवू नये.

उन्हाळ्याचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण महाराष्ट्रात ही वेळ सगळ्यात जास्त येते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जिभेवरून आणि घशातून ओल उडवून तो गार होतो. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत ती ओल उडत नाही. विदर्भात बाहेरची हवाच अंगापेक्षा तापलेली असते. पगसारख्या कुत्र्याकडे मुळात ओल उडवायला नाकच पुरेसं नाही. एरवी त्याचं अंग 38 ते 39 अंश सेल्सियसच्या आसपास असतं; 41 च्या पुढे गेलं की आतडी, मेंदू, रक्त, सगळंच बिघडू लागतं. अशा वेळी आधी पाणी: नळाचं साधं पाणी अंगावर, पोटावर, पायांवर ओता आणि पंख्याखाली घ्या. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, त्याने उष्णता कोंडते. गार करायला तिथेच सुरुवात करायची आणि मग निघायचं. गाडीतही एसी चालू, काचा बंद. अंग 39.5 पर्यंत उतरलं की पाणी ओतणं थांबवा. नळी मिळाली तर एका बाजूने धरा, पण पाण्याच्या जागी नाही.

आणि श्वास थांबलाच तर? हाही विचार एकदा करून ठेवा. त्याला कुशीवर निजवा. आता बैठकीचा प्रश्न उरलेला नसतो. छातीवर हात, मिनिटाला 100 ते 120 दाब, छातीच्या रुंदीच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत खोल. 30 दाब झाले की त्याचं तोंड मिटून धरा, त्याच्या नाकावर आपलं तोंड ठेवा आणि दोन फुंकरी घाला, छाती उचललेली दिसेल इतक्या. जगभरच्या पशुवैद्यांनी मिळून 2012 मध्ये हे नियम घालून दिले आणि 2024 मध्ये ते सुधारले. मघाशी म्हटलं होतं, आपण सोडलेल्या श्वासात 16 टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन उरतो. त्या क्षणी कोणताही सिलिंडर जवळ नसला तरी तुमच्याकडे तेवढा असतो. तुम्हाला नको असलेला, वापरून झालेला श्वास त्याला पुरू शकतो. याच्याजवळ जितका वेळ बसावंसं वाटेल तितका बसा.

सिलिंडर घरी ठेवायचाच असेल तर काही गोष्टी कोरडेपणाने लक्षात ठेवाव्यात. ऑक्सिजन हे औषध आहे. ते डॉक्टरांना विचारूनच आणायचं. 10 लिटर पाण्याच्या मापाच्या सिलिंडरमध्ये सुमारे 1500 लिटर वायू भरतात. मिनिटाला 5 लिटर सोडला तर 5 तास. दुकानात मिळणाऱ्या 10 लिटरच्या डब्यातला ऑक्सिजन मिनिटाला 2 लिटरने 5 मिनिटांत संपतो, तेव्हा त्याच्या भरवशावर लांबच्या रस्त्याला लागू नका. वॉल्व्हला तेल किंवा ग्रीस लावू नका. नळी उघडण्याआधी देवघरातली समई विझवा, उदबत्ती बाहेर न्या, गॅस बंद करा. गाडीत सिलिंडर बांधून ठेवा.

वाटेत तो मागच्या सीटवर आहे, तुम्ही बाजूला. काच थोडी खाली किंवा एसी. रस्त्यात काय चाललं आहे ते पाहू नका. ते गाडी चालवणाऱ्याचं काम. तुमचं काम नळीचं टोक आणि त्याचं नाक यांच्यातलं अंतर. दवाखान्यात पोचल्यावर कधीकधी डॉक्टर त्याला काचेच्या ऑक्सिजन-पेटीत ठेवतात आणि काही मिनिटं हात लावत नाहीत. बाहेर उभं राहून ते पाहणं अवघड असतं. काहीच का करत नाहीत, असं वाटतं. तेव्हा हे आठवा की एक्स-रेसाठी नुसतं आडवं करण्याचा ताणही अशा कुत्र्याला सोसत नाही. आधी त्याला सावरू देतात. त्या मिनिटांत तुम्हीही खाली बसा, पाणी प्या. पुढेही ऑक्सिजन मोजूनच देतात, कारण 60 टक्क्यांच्या वरचा ऑक्सिजन 24 तासांपेक्षा जास्त दिला तर तोच फुप्फुसांना जाळू लागतो.

काही कुत्रे परत येत नाहीत. म्हाताऱ्या हृदयाने पुरेसं काम केलेलं असतं, किंवा विष फार वर चढलेलं असतं. तेव्हाही नळी धरावी. धापेची भीती ही फार मोठी भीती आहे, आणि ती थोडी जरी कमी झाली तरी त्या जिवाला शेवटच्या तासात ओळखीचा वास, ओळखीचा हात कळतो. उपयोग झाला नाही असं त्या नळीबद्दल म्हणू नये.

हे सगळं वाचून झालं की एक काम उरतं, आणि ते आजच करण्यासारखं आहे. तुमच्या जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला फोन करा. दोनच प्रश्न विचारा: रात्री अडीच वाजता दार कोण उघडतं, आणि तुमच्याकडे ऑक्सिजन आहे का? उत्तर नाही आलं तर पुढचा दवाखाना शोधा, तिथवर दिवसा एकदा गाडीने जाऊन या, आणि तो नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये घाला.